सोनखाराचं लगीन

आगऱ्यांच्या घरात लग्न निघालं की हल्ली भटजी येतो, बँजो येतो, ड्रोनवाला येतो. पण बाळकुमच्या जुन्या घरांत लग्न लागलं असं म्हणतात ते धवलारणीनं धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गायल्यावरच. गोदाबाई ही तिथली धवलारीण. पन्नास वर्षं ती गात होती आणि तिचा नियम एकच होता: दोघांची नावं घेऊन धवला गायला, तो शेवटपर्यंत त्यांच्या कानावर पडला, की लग्न लागलं. मग देव जरी आडवा आला तरी ते मोडत नाही. म्हणून एरवी ती धवल्याची एक ओळही गुणगुणत नसे. भांडी घासताना नाही की नातवंडं झोपवताना नाही. नसती भानगड कोणी सांगितलीय?

अशा बाईच्या हातून चुकीचं लग्न लागलं, हे उघडकीला आलं ते एका गुरुवारी सकाळी, तिच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात, चहाच्या वेळी. बातमी आणली शेजारच्या टॉवरमधल्या निशानं. निशाचं स्वतःचं लग्न रविवारी होतं आणि धवलारणीला मानाचा नारळ द्यायला ती आली होती.

"आजी, रविवारी सातलाच निघू हां. हॉल शीळफाट्याला आहे, ट्रॅफिक एकदम बेकार असतो," निशा म्हणाली. नारळ ठेवला, पाया पडली, आणि उठता उठता म्हणाली, "आणि ऐक ना, काल मी पार्ट थ्री संपवला. तू लग्न लावलेलंस ना, दर्याजित आणि सोनखाराचं? ते सख्खे भाऊ-बहीण निघाले! प्रितमदानं काय ट्विस्ट टाकलाय, वेड लागायची पाळी!"

गोदाबाईनं कप खाली ठेवला. "कोन भाऊ-भईन?"

"दर्याजित आणि सोनखारा. जुळे होते."

गोदाबाईनं नारळ उचलला आणि निशाच्या हातात परत दिला. "दुसरी कोन बघ बाय. माजी जीभ बाटली."

आता हे दर्याजित आणि सोनखारा कोण, ते सांगायला हवं. गोदाबाईचा नातू प्रितम व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. जिथं गोदाबाईच्या सासऱ्याचं भातखाचर होतं तिथं आता काचेची इमारत होती आणि त्या इमारतीत 'सात आगरं' नावाचा गेम तयार होई. एक भाग आला, तो गाजला, मग दुसरा, मग तिसरा. प्रितम त्यात चित्रं काढत नसे आणि कॉम्प्युटरचंही त्याला बेताचंच कळे. त्याचं काम म्हणजे त्या जगाचा मागचा इतिहास ठरवणं. कोणत्या राजाच्या पोटी कोण आलं, कोणता समुद्र कधी मागे हटला, कोणी कोणाला शाप दिला. या कामाचा पगार मिळतो हे गोदाबाईला आधी पटलंच नाही. बाळकुमपासून दिव्यापर्यंत प्रत्येक घराच्या चार पिढ्या तिला तोंडपाठ होत्या आणि त्याबद्दल तिला कोणी कधी पै दिली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी प्रितम म्हणाला होता, "आजी, दुसऱ्या भागात राणीचं लग्न आहे. तू गा ना." तिनं साफ नाही म्हटलं. मग चार दिवसांनी विचारलं, नवरी कोणाची? प्रितम म्हणाला, सोनखारा, मिठाच्या राजाची एकुलती मुलगी. आणि नवरा? दर्याजित, होडी फुटून किनाऱ्याला लागलेला, आईबापाविना पोर. त्याचं कूळ? "त्याला कूळच नाही, आजी." तिथंच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती. पण नातवाचा हट्ट, आणि बिनआईचं पोर म्हटलं की गोदाबाईचा जीव तसाही पाघळायचा.

स्टुडिओत गेली तर नवरा-नवरी हजर नाहीत. "अजून काढायचेत," प्रितम म्हणाला. "तू माईकला गा. चित्र झालं की त्यांना ऐकवू." तिनं माईकला हळदीचं बोट लावलं तेव्हा काचेपलीकडची सगळी माणसं घाबरून उभी राहिली. मग डोळे मिटून तिनं गायला सुरुवात केली ती शेवटाला येऊनच थांबली. तेव्हापासून हळदीत, बारशात, दशक्रियेलासुद्धा ती सांगायची, माजा धवला कंपूटरात हाय. गेम मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. लग्न लावणारी बाई संसार कसा चाललाय ते बघायला जाते का कधी?

आणि आता हे.

संध्याकाळी प्रितम घरी आला तेव्हा आजी देवघरासमोर भिंतीकडे तोंड करून बसलेली. सून हेमा, प्रितमची आई, चार वेळा सांगून थकली होती, "आई, खेळ आहे हो तो." गोदाबाईचं उत्तर ठरलेलं, "खेल तुमचा. धवला माजा हाय."

प्रितम शेजारी टेकला. "आजी, निशा म्हणते तसं अगदी नक्की नाहीये गं ते."

"भाऊ हाय का नाय? येवडाच सांग."

"ते जरा गुंतागुंतीचं आहे." आणि त्यानं गुंता सोडवायला घेतला, म्हणजे वाढवायलाच. पहिल्या भागात मिठाच्या राजाला जुळं होतं आणि मुलाला पेटीत घालून खाडीत सोडतात, असं एका लेण्यात कोरलेलं आहे. पण ते कोरलं राजाच्या शत्रूनं, तेव्हा ते खोटंही असेल. दुसऱ्या भागात एका तलवारीच्या मुठीवर लिहिलंय की पेटी रिकामीच होती. पण ती तलवार घडवणारा लोहार पहिल्या भागातच मेलाय.

"मंग तलवार कोनी घडवली?"

"हाच तर प्रश्न आहे!" प्रितमचे डोळे चमकले. "लोकांनी त्यावर चार-चार तासांचे व्हिडिओ केलेत. आणि त्या जगात दोन चंद्र आहेत ना, त्यामुळे पंचांगंही दोन. एका पंचांगानं दर्याजित तिच्याच वयाचा, दुसऱ्यानं नऊ वर्षांनी मोठा. मोठा असेल तर जुळा कसा?"

गोदाबाईचं डोकं गरगरायला लागलं. पन्नास वर्षांत तिनं कितीतरी कुळांचे धागे जुळवले होते, दोन घरांत अबोला असताना नातं शोधून काढलं होतं. पण मेलेल्या लोहाराची साक्ष काढायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं थोडा वेळ विचार केला आणि अशा वेळी जे विचारायचं असतं तेच विचारलं.

"सुईन कोन व्हती?"

प्रितमनं लॅपटॉप जवळ ओढला.

"अरं बाला, राजाची बायको बालंतीन झाली. नाल कोनी कापली? एक पोर का दोन, तिला म्हाईत नाय तर कोनाला म्हाईत?"

त्यानं लॅपटॉप उघडला. त्या जगाची सातशे पानांची माहिती त्यात होती. मगरींच्या अकरा जाती होत्या. राजवाड्यातल्या आचाऱ्याच्या सासऱ्याचं नाव होतं. सुईण नव्हती.

त्यानं त्याच्या वरिष्ठ मृणाल मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅडम हसल्या नाहीत. "बाप रे," म्हणाल्या, "सुईण! इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही. आजी, खरं सांगू? तो भाऊ आहे की नाही हे आम्ही ठरवलेलंच नाही. मुद्दाम. लोकांनी वाद घालत राहावेत म्हणून. पण तुम्ही सांगा ना. सुईण काय म्हणाली असेल? तुम्ही म्हणाल ते चौथ्या भागात घालू. आमच्याकडे तेच खरं होईल."

फोन बंद झाला. प्रितम आनंदानं उड्याच मारायचा बाकी होता. "सुटलीस की, आजी! एकच पोर होतं म्हण. लग्न चोख, तुझी जीभ चोख, रविवारी निशाकडे गा."

गोदाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे झालेला जन्म आता ती म्हणेल तसा होणार? तिच्या तोंडात घास आला होता आणि गिळवत नव्हता. एक शब्द, की ती मोकळी. निशाची आजी मंजुळा तिच्याबरोबर तीस वर्षं गात होती आणि जाताना हात धरून म्हणाली होती, माज्या निशीला तूच गा. तिच्याशिवाय बाळकुमात आता दुसरी धवलारीण उरलीही नव्हती. पण स्वतःचा दोष धुवायला सुईणीच्या तोंडी खोटं घालायचं? रात्रभर तिला काही सुधरेना. शुक्रवारी सकाळी तिनं सांगून टाकलं, "जलम मना इचारून झालेला नाय. मी कशी सांगू? आनि बाटल्या जिभेनं पोरीचा संसार नाय मांडाचा."

शनिवार उजाडला, निशाच्या हळदीचा दिवस. खाली मांडवात स्पीकर लागले होते. निशा हातभर हिरवा चुडा घालून, आईच्या हाका कानाआड करून, बगलेत लॅपटॉप घेऊन वर आली.

"आजी, तू पाहिलेलंस का ते लग्न?"

"नाय."

"मग न बघताच काय जीभ बाटली, जीभ बाटली? बघ एकदा."

प्रितमही येऊन बसला. पडद्यावर मिठाचे ढीग आले, खाडी आली, फुलांचा मांडव आला. त्याखाली दोघं उभी. पोरगी देखणी होती, नाकात नथ, आणि पोरगा इतका बावरलेला की गोदाबाईला एकदम त्याची माया आली. आणि मग तिचा स्वतःचा आवाज आला. तिच्या अंगावर काटा आला. जगात कुठं कुठं बसून लोक हे ऐकत असतील! तिची मान तालावर हलायला लागली. देवांची बोलावणी झाली, हळद झाली, आणि पुढची ओळ ओठावर येते न येते तोच पडद्यावर शिंग वाजलं, बाण सुटले, मांडव पेटला.

"आता गं?"

"हल्ला होतो ना इथं," निशा म्हणाली. "सगळे पळतात."

"मंग बाकीचा धवला कवा होतो?"

"होत नाही. एवढाच आहे."

गोदाबाईनं दोनदा विचारलं. पळून गेल्यावर नाही? तिसऱ्या भागात नाही? नाही आणि नाही. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हंजी त्यांनी पुरा आयकलाच नाय."

"नाही."

"मंग लगीन लागलाच नाय!"

निशानं आरोळी ठोकली, बांगड्या खळखळल्या. प्रितमनं आजीला मिठीच मारली. निशानं नारळ पुन्हा पुढे केला, गोदाबाईनं तो घेतला, कपाळाला लावला. सगळं सुरळीत झालं होतं. आणि तरी तिला हसावं की रडावं समजेना. दोन वर्षं ती गावभर सांगत फिरली होती, माजा धवला कंपूटरात हाय. तो तिथं अर्धासुद्धा नव्हता.

"तूच कापलास?" तिनं नातवाला विचारलं.

"अगं, अकरा मिनिटांचा होता. सीन तीन मिनिटांचा. आणि शेवटी तर नुसती नावंच आहेत. मला वाटलं, तेच तेच परत येतंय."

"कोनाची नावां?"

प्रितमनं ती नीट ऐकलीच नव्हती.

"आपले गेलेले असतात ना, त्यांना मांडवात बोलवाचा असतो," गोदाबाई म्हणाली. "नवरीकडचे, नवऱ्याकडचे, नावां घेऊन. ते आले की मंग लगीन लागतं. तुज्या त्या पोराला कूल नवता. त्याच्या बाजूला उबा ऱ्हायाला कोन? मना कसंतरी झाला. म्हनून मी आपले बोलवले. तुजा आजा बोलवला. आनि गुणाजीला बोलवला."

गुणाजी म्हणजे तिचा मुलगा, प्रितमचा बाप. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात त्याचं नाव सहसा कोणी काढत नसे, हेमाला सोसत नाही म्हणून.

सात आगरांच्या सात राजघराण्यांची नावं प्रितमला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. त्यानं फोन काढला आणि खाली मान घालून जुनं, न कापलेलं रेकॉर्डिंग शोधायला लागला. ते सापडलं.

"थांब," गोदाबाई म्हणाली, "आदी त्या दोगांना बंद कर." लॅपटॉपच्या पडद्यावर दर्याजित आणि सोनखारा अजून थिजून उभी होती. निशानं घाईघाईनं झाकण मिटलं. मग प्रितमनं धवला लावला. नवव्या मिनिटाला गोदाबाईचा आवाज जरा खाली आला आणि तिनं गुणाजीला हाक मारली, गावाचं नाव घेऊन, ये म्हणून. प्रितमनं तोंडावर हात घेतला. त्याचे खांदे हलत होते. स्वयंपाकघराच्या दारात हेमा कधी येऊन उभी राहिली होती ते कोणाला कळलंच नव्हतं.

धवला संपला. प्रितमनं विचारलं, "तेवढंच परत लावू, आजी?"

"नको," गोदाबाई म्हणाली. "बोलवला की येतो तो. सारका सारका नाय बोलवाचा."