पाठीवरची बारीक अक्षरं

मी डास-चिलटं पळवायच्या औषधाची बाटली बोलतेय. आता रिकामी आहे, तळाला भोकही आहे, पण बोलायला त्याची अडचण येत नाही. उंची वीतभर, अंग फिकट हिरव्या प्लॅस्टिकचं, टोपण पांढरं. पोटावर गवतात बसलेलं एक हसरं कुटुंब छापलंय. त्यांना एकही डास चावत नाही म्हणून ते हसतात, एवढाच त्या चित्राचा अर्थ. हे चित्र सगळ्यांनी पाहिलं. पाठीवर मात्र मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत चौदा ओळी आहेत, आणि त्या वाचायच्या नाहीत असं जणू माणसांनी आपापसांत ठरवूनच टाकलं होतं. त्या एका गोष्टीचा मला फार राग होता.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. एका नळीने पोटात औषध सोडलं, पुढच्या यंत्राने टोपण आवळलं, त्याच्या पुढच्याने कागद चिकटवला. औषध पाण्यासारखं स्वच्छ आणि वास लिंबाच्या सालीचा. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. पुढे वाटलं, दिसायला थोडी वाईट असते तर बरं झालं असतं.

तिथून मी मंचरच्या एका औषधाच्या दुकानात आले आणि काचेमागे वर्षभर बसून राहिले. आमच्या भागात डास झाले की लोक गोवऱ्यांचा धूर करतात, कडुलिंबाचा पाला जाळतात, फार तर अंगाला करंजाचं तेल चोळतात. बाटलीतलं औषध अंगाला लावून डोंगरात जाणारी माणसं म्हणजे पुण्या-मुंबईची, आणि ती येताना घरूनच घेऊन येतात. दुकानदार रोज सकाळी माझ्या डोक्यावरची धूळ झटकायचा. पाठीकडे त्याचंही लक्ष नसे.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सप्टेंबरात पोपट गुरुजी दुकानात आले. पारगावच्या पलीकडे एका वाडीवर दोन खोल्यांची शाळा आहे, तिथले हे मोठे गुरुजी. आदल्या वर्षी त्यांनी मुलांना डोंगरात नेलं होतं. तिथे डासांनी पोरं फोडून काढली, दोघींना तापही आला. यंदा आहुप्याची देवराई दाखवायची त्यांच्या मनात होतं, पण वाडीतले बाप मुलींना पाठवायला तयार नव्हते. भगवंतराव सगळ्यांत अडून बसले होते. त्यांनी नाही म्हटलं की बाकीचेही नाही म्हणणार, हे गुरुजींना माहीत होतं. त्यांची वृषाली दुसरीत होती, आणि डोंगरात जायचं म्हणून आठ दिवस आधीपासून तिने चपला धुऊन ठेवल्या होत्या. शेवटी गुरुजींनी शब्द दिला, मी औषध आणतो, एक डास चावू देणार नाही. त्या शब्दापोटी माझी खरेदी झाली.

मुलांना चालतं का, असं गुरुजींनी विचारलं. न चालायला काय झालं, असं दुकानदार म्हणाला. गुरुजींनी मला उलटं करून पाहिलं, हात लांब नेला, पुन्हा जवळ आणला आणि पिशवीत टाकलं. पन्नाशी आली होती आणि चष्मा लागलाय हे त्यांनी अजून स्वतःशीही कबूल केलेलं नव्हतं. मी पिशवीत चरफडत बसले.

सहलीला दोन जीपगाड्या ठरल्या. एक गोरख ड्रायव्हरची, दुसरी त्याच्या मेहुण्याची. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं धरण मागे पडलं, घाटात पोरांची गाणी सुरू झाली. आहुप्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं, पण देवराईत पाऊल टाकताच सावली दाटली. पायाखाली ओला पाला, आणि डासांचं म्हणाल तर ते आमची वाटच पाहत होते.

देवराईच्या कडेला लहानसं देऊळ आहे. अंजनाबाई, म्हणजे शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, मुलांना दर्शनाला घेऊन गेल्या. आत पुजारी नव्हता, त्यामुळे तीर्थ-अंगारा काही मिळालं नाही. गुरुजी बाहेर थांबले. ते बौद्ध, देवळात जायचे नाहीत, पण मुलांच्या चपलांवर लक्ष ठेवायचे. मुलं बाहेर आली तशी त्यांनी ओळ करायला सांगितलं, माझं टोपण उघडलं आणि म्हणाले, हात पुढे करा, मी देतो ते हातापायांना चोळा. पुढच्या मोठ्या मुलांनी ऐकलं आणि चोळलं. मागच्या लहानांत कोणाची चप्पल कोणती यावरून गलका चालला होता.

वृषाली ओळीत शेवटून तिसरी. तिची पाळी आली तशी तिने उजव्या हाताची ओंजळ केली, खाली डावा हात धरला आणि मान लववली. गुरुजींनी थोडं औषध ओतलं आणि ते पुढच्या मुलाकडे वळले. पोरीने ओंजळ तोंडाला लावली, घुटका घेतला आणि ओला हात डोळ्यांवरून, केसांवरून फिरवला.

मी तिच्या जिभेवर होते आणि मला ओरडता येत नव्हतं. मी आग आहे, कडू आहे, हे तिला नक्की कळलं. तिने डोळे घट्ट मिटले, ओठ घट्ट मिटले, पण थुंकली नाही. मुकाट गिळलं आणि जाऊन दगडावर बसली.

काही वेळाने अंजनाबाईंच्या लक्षात आलं की पोर डबा उघडत नाही. डोळे लाल, लाळ गळतेय. जीभ चरचरतीय, एवढंच ती म्हणाली. तिच्या तोंडाला माझा वास आला तेव्हा गुरुजींनी गोरखला हाक मारली.

गोरख धावत आला. त्याने पाहिलं आणि डब्यातलं मीठ पेल्यातल्या पाण्यात टाकून ढवळायला लागला. "वकून टाकलं की मोकळी व्हईल. आमच्या चुलत्यानं आसंच केलं व्हतं," तो म्हणाला. पेला पोरीच्या तोंडाजवळ गेला होता. तेवढ्यात गुरुजींना माझी आठवण झाली. त्यांनी मला उचललं, डोळ्यांसमोर धरलं, लांब धरलं, उन्हात धरलं. अक्षरं काही दिसेनात.

"गोरख, पेला ठेव. तुझी नजर चांगली हाय. हे वाच."

"गुरुजी, मी धाव्वीला इंग्रजीतच गेलो की."

"अर्थ मी लावतो. तू नुसती अक्षरं सांग."

मग देवराईच्या त्या दगडापाशी माझी पाठ पहिल्यांदा वाचली गेली. गोरख एकेक अक्षर बोटाने दाबून सांगायचा, गुरुजी ते जुळवायचे. पहिल्या काही ओळी अंगाला लावण्याबद्दलच्या होत्या, गोरखला घाम फुटला. नवव्या ओळीवर गुरुजींनी त्याचं मनगट धरलं. पोटात गेल्यास उलटी करवू नये, तोंड धुवावं, डॉक्टरकडे न्यावं आणि बाटली सोबत न्यावी, असं तिथे लिहिलं होतं. त्याच्या खालीच डोळ्यांसाठी पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी लिहिलं होतं. गोरखने मिठाचा पेला पालथा केला.

अंजनाबाईंनी पोरीला चुळा भरायला लावल्या. कॅनमधलं पाणी गुरुजींनी तिच्या डोळ्यांवर धार धरून सोडलं, घड्याळ बघून पंधरा मिनिटं. ती रडली, पण हलली नाही. मग बाकीची मुलं आणि दुसरी जीप अंजनाबाईंच्या ताब्यात देऊन आम्ही निघालो. वृषाली गुरुजींच्या मांडीवर आणि मी त्यांच्या मुठीत. ती मूठ इतकी आवळलेली होती की माझ्या अंगाला बाक आला, तो आजही आहे. मुलांना जपायला मला बनवलं होतं आणि माझ्यामुळेच एक मूल मान टाकून पडलं होतं. घोडेगाव येईपर्यंत ती वाट मला माझ्या सबंध आयुष्याहून लांब वाटली.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेऊन पाठ वाचली. बाटली आणलीत आणि उलटी करवली नाहीत, बरं केलंत, असं म्हणाल्या. तीन तास त्यांनी वृषालीला झोपवून ठेवलं. घुटका लहान होता. संध्याकाळच्या आत तिने बिस्किट मागितलं, तेव्हा गोरख बाहेर जाऊन उगाच जीपचं बॉनेट पुसत बसला.

कडू लागलं तर थुंकायचं ना, असं डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

"गुरुजींनी हातावर दिलं," वृषाली म्हणाली. "मला वाटलं तीर्थ हाय. तीर्थ थुकत न्हाईत."

गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या घरात तीर्थ घेत नाहीत, देत नाहीत. हातावर पाण्यासारखं काही दिलं की पोर ते तोंडाला नेईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मग त्यांना शांतपणे समजावलं. औषध लहान मुलांच्या हातावर द्यायचंच नाही. मोठ्याने आपल्या हातावर घेऊन त्यांच्या अंगाला लावायचं. तळहाताला नाही, डोळ्या-तोंडाजवळ नाही, खरचटलेलं असेल तिथे नाही, कपड्याच्या आतून नाही. आणि घरी गेल्यावर साबणाने धुवायचं. हे सगळं माझ्या पाठीवर होतंच. पण मी कशाला टोमणा मारू? त्या दिवशी मला कोणाचा राग येत नव्हता.

गुरुजी पोरीला घेऊन थेट भगवंतरावांच्या दारी गेले. काही न लपवता सगळं सांगितलं, चूक माझी आहे असं दोनदा म्हणाले. भगवंतरावांनी पोरीला उचलून आत नेलं. त्यांची आई, साळुबाई, उंबऱ्यात उभी होती, तीही पोरीमागून आत गेली. दार लागलं.

घरी आल्यावर गुरुजी जेवले नाहीत. बदली मागून घेतो म्हणाले. आता कोणता बाप माझ्याबरोबर मुलगी पाठवील, असं म्हणाले. त्यांची बायको द्रौपदा भाकरीचं ताट झाकून समोर बसली.

"मामंजी त्या घरी कामाला व्हते," ती म्हणाली. "त्यांना पाणी वरून वतायचे. मी सोता पाह्यलंय. आन् आज त्या घरातली पोर तुमच्या हातचं तीर्थ म्हनून प्याली. कडू लागलं तरी थुकली न्हाई. तिला टाकून कुटं बदली मागताय?"

गुरुजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. द्रौपदाने ताट उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.

वृषाली चार दिवस शाळेत आली नाही. गुरुजी हजेरी घेताना तिचं नाव पुकारायचे आणि थोडं थांबून पुढचं घ्यायचे. पाचव्या दिवशी प्रार्थना चालू असताना ती आली. धुतलेल्या चपला पायात, दप्तर पाठीला, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. ते तिने टेबलावर माझ्याशेजारी ठेवलं. कोरी, वासाची साबणवडी होती.

"आजीनी दिलाय," ती म्हणाली. "म्हनली, फुडल्या साली डोंगरात गेल्यावर पोरींचे हातपाय धुवायला लागंल."

गुरुजींनी ती वडी उचलून हुंगली आणि मग नाकाला रुमाल लावला. वर्गाला वाटलं त्यांना सर्दी झाली. पुढल्या साली जायचं आहे, एवढंच मला कळलं आणि माझ्या पोटातलं औषध आनंदाने डचमळलं.

त्या आठवड्यात गुरुजींनी मंचरला जाऊन चष्मा केला. माझ्या पाठीवरच्या चौदा ओळी ठळक मराठीत एका कागदावर लिहिल्या आणि तो कागद माझ्या पाठीला डकवला. तेव्हापासून आमच्या शाळेच्या सहलीचा एक नियम झाला. ओळ करायची, दोन्ही हात मागे बांधायचे. गुरुजी आणि अंजनाबाई आपल्या हातावर औषध घेऊन मुलांच्या पोटऱ्यांना, दंडांना, मानेमागे लावायचे. परत येताना ओढ्यापासून दूर, कॅनच्या पाण्याने आणि साबणाने सगळं धुवायचं. आम्ही चावंडला गेलो, नाणेघाटात गेलो. दर साली मुली जास्त यायच्या.

दोन हजार एकला मी संपले, माझी तारीखही त्याच महिन्यात संपत होती. द्रौपदाला मी खोबरेल भरायला हवी होते, हाताला बरी बसते म्हणून. गुरुजींनी ऐकलं नाही. उद्या कोणी हिच्यात पाणी भरून पोराला दिलं तर, असं म्हणून त्यांनी चुलीत खिळा तापवला आणि माझ्या तळाला भोक पाडलं. दुखलं, पण मी त्यांना तेव्हाच माफ केलं.

तेव्हापासून मी शाळेच्या कपाटात उभी आहे. दर साली नवी बाटली येते. सहलीच्या आदल्या दिवशी मला बाहेर काढतात आणि कोणीतरी माझी पाठ मोठ्याने वाचतं. दोन हजार आठला वृषाली आली. कॉलेजात जायला लागली होती, गुरुजींच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या सहलीला मदतीला आली होती. तिने न अडखळता सगळ्या ओळी वाचल्या आणि मुलांना हात मागे बांधायला लावले. पहिलीतल्या एका दात पडलेल्या मुलीने विचारलं, हात मागे का?

वृषालीने एकदा गुरुजींकडे पाहिलं. "गुरुजींनी हातावर काय बी दिलं तरी आपुन चांगलंच समजतो ना," ती म्हणाली, "म्हणून."

गुरुजी चष्मा पुसायला लागले.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला डोंगरात जरूर न्या, पण आधी तिची पाठ वाचा. अक्षरं बारीक असली तर चांगल्या नजरेच्या कोणाला तरी हाक मारा, तो दहावी नापास असला तरी चालेल. आणि एखाद्या लेकराने ओंजळ पुढे केली तर त्यात काही ओतण्याआधी क्षणभर थांबा. ते लेकरू तुम्ही द्याल ते गिळणार आहे.