भुकटीचं बाळसं

"अन्नाने अंग भरतं, हा मानवजातीचा हजारो वर्षांचा गैरसमज आजपासून रद्द," असं पुष्टीमहाराजांनी सभागृहात जाहीर केलं आणि बशीतलं तिसरं उकडलेलं अंडं तोंडात टाकलं. ते चावून होईपर्यंत गर्दी श्रद्धेने थांबली.

सभागृह तसं स्वयंपाकवर्गाचं. तुटपुंज्या मिळकतीत मुलांच्या पोटात सकस अन्न कसं घालावं, डाळीत पालेभाजी केव्हा टाकावी, तेलाची काटकसर कुठे करू नये, हे ताई वस्तीतल्या बायकांना इथे शिकवायच्या. महाराज आले आणि वर्ग ओस पडला. काल दोघी आल्या होत्या. त्यातली एक बाहेर ऊन होतं म्हणून.

मुलांचं अंग भरायला महाराज एक भुकटी विकायचे. ती पातळ पेजेत कालवून मुलाला द्यायची. पथ्य एकच: डाळ, दूध, अंडं वर्ज्य, नाहीतर भुकटीतली शक्ती रुसते. महाराजांना स्वतःला अंडी चालत. त्यांची शक्ती स्वभावाने सोशिक होती.

आणि पुरावा होता ताईंचाच वजनकाटा, ज्यावर त्या वर्गात मुलांची वजनं करायच्या.

"काटा खोटं बोलतो का हो, ताई?" महाराज सगळ्यांदेखत विचारायचे.

"नाही," ताई म्हणायच्या. दुसरं काय म्हणणार? मुलांची वजनं वाढत होती. आताशा त्यांना स्वतःच्याच शिकवण्याची शंका यायला लागली होती.

इस्त्रीवाली आपल्या छकुलीला घेऊन पुढे आली. "बघा ताई, गाल कसे वर आलेत. तुमच्या डाळीने पोरीला नुसते ढेकर यायचे."

लोक हसले. ताईही हसल्या. छकुली हसली नाही, रडलीही नाही. काट्यावर ठेवली तशी बसून राहिली. इतक्या लहान पोरीचं एवढं शहाणपण ताईंना बरं वाटेना. त्यांनी तिचा मोजा उतरवला. मोज्याच्या रबराचा पोटरीत खोल चर पडला होता. पावलावर अंगठा दाबून त्यांनी उचलला, तर खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. दुसऱ्या पावलावरही तेच.

"हे काय, ताई?" इस्त्रीवालीचा आवाज उतरला.

"शक्तीने बैठक मारलीय," महाराज म्हणाले.

ताईंनी महाराजांचा दंड धरला आणि त्यावर अंगठा दाबला. सोडल्याबरोबर मांस टुणकन वर आलं.

"हे अंड्यांचं बाळसं," ताई म्हणाल्या. "आणि पोरीच्या अंगात भरलंय ते पाणी. सूज आहे ही. काटा खोटं बोलत नाही, बाई, पण तो पाणीही तोलतो. चल, आधी दवाखाना गाठू."

महाराजांना तेवढ्यात दुसऱ्या गावचे भक्त आठवले. ते भुकटीचे डबे विसरले, उरलेली अंडी विसरले नाहीत.

विसरलेले डबे दवाखान्यात तपासले. भुकटीत निघालं पीठ, भरपूर मीठ आणि अंगावर सूज आणणारं औषध. वर पथ्यामुळे पोटात सत्त्व असं काही नाहीच. डॉक्टरांनी ते समजावून सांगितलं तेव्हा ताईंना वस्तीतल्या शिंपिणीचं बाळ आठवलं. तेही भुकटीच घ्यायचं आणि गेल्याच आठवड्यात गेलं होतं. 'भरल्या अंगाने गेलं, नजर लागली,' लोक म्हणाले होते. त्याचं शेवटचं वजन ताईंनीच केलं होतं, आणि वाढलं म्हणून आईची पाठ थोपटली होती.

छकुलीची सूज दवाखान्यात उतरली. खाली जी पोर उरली तिचं मनगट इस्त्रीवालीने दोन बोटांत धरून बघितलं. मग म्हणाली, "एवढीशीच होती का हो ही?"

वर्ग पुन्हा भरला. शिंपीण मागे भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून ताई खिडकीकडे बघत बोलल्या.

"बायांनो, कुणी काही चमत्काराचं दिलं तर एवढंच विचारा, यात आहे काय? सांगत नसेल तर मुलाच्या तोंडाला लावू नका. मुलाचं अंग डाळीने, अंड्याने, भाजीने, चमचाभर तेलाने भरतं. हळूहळू भरतं. डोळे उघडे ठेवा, आणि पावलं सुजलेली दिसली तर माझ्याकडेही थांबू नका, थेट दवाखान्यात जा."

बायका माना हलवत होत्या. इस्त्रीवालीने हात वर केला.

"सगळं पटलं, ताई. डाळ आणलीय मी, भिजवलीयसुद्धा. पण घरातला गॅस संपलाय. इथल्या शेगडीवर शिजवून नेऊ का?"