मामाच्या तीन आंघोळी

जयदेवमामाला गरम पाण्याचं वेड लागलंय, हे बदलापूरच्या त्यांच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सकाळी एक आंघोळ, दुपारी दुसरी, दिवेलागणीला तिसरी. मागच्या अंगणातला तांब्याचा बंब सदा आपला धुमसतोय. शेजारची बनूआजी तर तोंडावर म्हणायची, "अगो तेजल, तुजा मामा मानूस हाय का भात? किती येला उकडताव त्याला?"

तेजल खो खो हसायची. पण हल्ली हसता हसता तिला दिसायचं की मामाच्या सदऱ्यात अजून एक मामा सहज मावेल. वर्षभर त्याला उलट्या होत होत्या. दोन आठवडे ठणठणीत, मग तीन-चार दिवस घोटभर पाणीही पोटात ठरत नसे. कढत पाणी अंगावर पडलं की तेवढ्यापुरता जीव थाऱ्यावर यायचा. मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत बॉयलरवर. त्यामुळे हा सगळा तिथल्या वासाचा प्रताप, हे तेजलच्या आईचं ठाम मत. एका डॉक्टरने ॲसिडिटी म्हटलं, दुसऱ्याने नळी घालून पोट पाहिलं. तिसऱ्याला सोनोग्राफीत पित्ताशयात इवलासा खडा सापडला आणि त्याने सोमवारी पित्ताशय काढायचंच ठरवून टाकलं.

तेजलला मात्र एक गोष्ट माहीत होती. मामी गेल्यापासून, रात्रपाळी करून सकाळी घरी आला की मामा गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचा. तिथून येणारा वास साध्या सिगारेटचा नव्हता. एकदा ती कपडे वाळत घालायला गेली, तर मामाने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ज्या मामाने सायकलमागे धावून धावून तिला शिकवलं, त्याची चुगली कशी करायची? कपडे वाळत घालून ती खाली आली.

ऑपरेशनआधी फिटनेसची चिठ्ठी हवी, म्हणून शनिवारी तिघं उल्हासनगरच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेली. आता त्यांच्या घरची रीतच अशी, की दवाखान्यात थोरल्या माणसाने बोलायचं आणि पेशंटने फक्त जीभ दाखवायची. आई मामाची थोरली बहीण. जेवण किती, झोप कशी, सगळं तीच सांगत होती. बाईंनी मामाची पाठ पाहिली. भाजल्यासारखी लाल झाली होती.

"बंब दिवसातनं तीनदा पेटतो," तेजल बोलून गेली.

बाईंचं पेन थांबलं. गरम पाण्याने बरं वाटतं का, त्यांनी मामाला विचारलं. आईने हो म्हटलं. कुठलं व्यसन आहे का, हेही त्यांनी मामालाच विचारलं.

"नाही हो, सुपारीचं खांडसुद्धा नाही," आई म्हणाली. "आमच्या घरात चालतच नाही."

मामा आपल्या चपलांकडे बघत होता. सोमवारी याला उगाचच कापतील, आणि उलट्या तशाच राहतील तर? अकरावीत गेल्यापासून तुला तोंड फुटलंय, असं आई ऊठसूट म्हणायची. मग आज ते वापरायचंच, तिने ठरवलं.

"आई, प्रश्न मामाला विचारलाय."

आईने असं काही पाहिलं की बस्स! पण बाईंनी आईला अगदी गोडीत बाहेर बसायला सांगितलं. तेजलही उठली, तर मामाने तिचं मनगट धरलं.

"ही राहू दे," तो म्हणाला. मग आईमागे दार लागल्यावर, "गांजा, मॅडम. गच्चीवर टाकीमागे बसून. दिवसातनं तीन-चारदा. झोपच येत नाही हो. आणि मळमळलं की जास्तच ओढतो, थांबेल म्हणून."

तेजलला वाटलं, आता बाई झाडणार. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. काही जणांना रोजच्या गांजानेच अशा उलट्या सुरू होतात, त्यांना कढत पाण्यानेच तेवढं बरं वाटतं, आणि सोडल्याशिवाय त्या थांबत नाहीत, हे त्यांनी नीट समजावलं. सर्जनशी मी बोलते, म्हणाल्या. सोमवार पुढे ढकलू. ऑपरेशन पुढे लागलंच, तर भूल देणाऱ्यालाही हे आधी कळायला हवं.

"सुरुवातीला झोप उडेल, चिडचिड होईल. तेव्हा टाकीमागे नाही, माझ्याकडे यायचं. आणि जयदेव, चार वेळा आलात तुम्ही. चारही वेळा मी तुमच्या बहिणीसमोर विचारलं. चूक माझी."

मामा रडला. तेजलने रुमाल शोधला, सापडला नाही, मग ओढणी दिली.

आईला त्याने स्वतःच सांगितलं, रिक्षात. बदलापूरला उतरताना आई एवढंच म्हणाली, "मी बोलायचं थांबले असते रे. सांगायचंस ना."

पुढचे दिवस काही सोपे नव्हते. मामा ताटावरून उठायचा, दारं आपटायचा, आणखी दोनदा उलट्यांनी आडवाही झाला. पण सकाळी पाळीवरून आला आणि डोळा लागेना, की आई कामं टाकून त्याच्याशी पत्ते खेळायला बसायची. हरली की भांडायचीही.

तीन महिन्यांनी एका रविवारी दुपारी तेजलने सवयीने बंब पेटवून पाणी तापवलं. मामा पडवीत दुसऱ्यांदा आमटी-भात वाढून घेत होता.

"कुणासाठी गं?" त्याने विचारलं.

तेजलने जीभ चावली. एवढं तापलेलं पाणी वाया कसं घालवायचं? मग ती स्वतःच दुसऱ्यांदा आंघोळीला गेली, आणि कुंपणापलीकडून बनूआजी ओरडली, "आता भाची उकडताव काय गो!"