डोक्यावरचं फूल माझं नाही

थांबा. आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या, मग पुढचं बोलू. माझ्या डोक्यावर होतं ते पिवळं फूल माझं नव्हतं. कधीच नव्हतं! एवढं एक वाक्य सांगायला मी आठ महिने नुसता तडफडत होतो. मला तोंड नाही ना, म्हणून सगळ्यांचं फावलं.

मी कुंडीतलं एक गुबगुबीत रोप. मला पानं नाहीत आणि काटेही नाहीत. बोटाएवढ्या जाड, चार धारांच्या, मखमली हिरव्या कांड्या, एवढाच माझा संसार. पाणी अंगातच साठवून ठेवतो, उन्हात खूश असतो, कुणाकडे काही मागत नाही. रोपवाटिकेत पत्र्याच्या छपराखाली दोन वर्षं वाढलो. तिथली मालकीण तशी वाईट नव्हती, पण एक दिवस आमच्या रांगेकडे बघून म्हणाली, "या नुसत्या दांड्या कोण घेणार?" आणि ग्लू गन घेऊन बसली.

तुम्हाला कुणी डोक्यावर उकळता गोंद ओतलाय का हो? माझ्या सगळ्यात उंच कांडीच्या शेंड्यावर, जिथून मी वाढायचो नेमकं तिथेच, तिने गोंदाचा गोळा टाकला आणि वर एक वाळकं पिवळं फूल दाबून बसवलं. ते कुठलं, कुणाचं, कधी मेलेलं, देव जाणे. अख्खी रांग त्या दिवशी तासाभरात "फुलली". चौथ्या दिवशी मी विकलाही गेलो.

मला घेतलं कपडे शिवणाऱ्या एका बाईने. तिचं रस्त्याकडेला छोटं दुकान होतं. दोन शिलाई मशिनं, एक लांब टेबल, आणि काचेपाशी एक खुर्ची. त्या खुर्चीत तिचे सासरे दिवसभर बसायचे. ती त्यांना अण्णा म्हणायची. अण्णांचा जन्म छापखान्यात गेला. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या आणि लाल शाईने गोल करायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. समोरच्या दुकानाच्या पाटीवरची चूकसुद्धा ते रोज वाचायचे आणि रोज चिडायचे.

असा माणूस मला बघतो आणि काय म्हणतो? "सूनबाई, हे फूल साधं नाही!"

झालं! माझे फोटो काढले. रोपांची आवड असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथे टाकले. "ओळखा पाहू." मग काय विचारता! एकाने सांगितलं, हे वाळवंटातलं. दुसरा म्हणाला, डोंगरावरचं. तिसऱ्याच्या आत्याकडे म्हणे अगदी असंच होतं. त्यात एक वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त बाई होत्या. त्यांनी एवढंच लिहिलं, "फुलाला जरा बोटाने हलवून बघा." तो सल्ला त्या गलबल्यात कुणी वाचलासुद्धा नाही.

त्या मेल्या फुलानेही माझ्याशी वैर धरलं. त्याची जातच अशी, की ओल लागली की वाळक्या पाकळ्या मिटतात आणि सुकल्या की उघडतात. अण्णांनी त्यावर पाणी शिंपडलं आणि ते मिटलं. "बघ, बघ! लाजलं!" अण्णा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. तेव्हापासून रोज सकाळी पाणी. माझी मुळं कुजायला लागली, दोन कांड्या पिवळ्या पडून लोळल्या, पण नजर कुणाची खाली जाईल तर शपथ! चार महिन्यांनी अण्णांनी सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहून कुंडीत खोचली: "सुवर्णमुकुट. दुर्मिळ." नावही यांनीच ठेवलं आणि दुर्मिळही यांनीच ठरवलं. गिऱ्हाइकं मापं द्यायला येत आणि माझ्याजवळ उभं राहून फोटो काढत. मी मात्र आतून पेटलो होतो. मढं डोक्यावर घेऊन मिरवायचं आणि वर शाबासकी त्या मढ्याला!

मग मला कळी आली. माझी स्वतःची, पहिली.

ती आली अगदी खाली, कांडीच्या बुडाशी, मातीला टेकून. आम्हाला तिथेच येते. चण्याएवढी होती, मग सुपारीएवढी झाली, मग फुग्यासारखी टम्म फुगली. कुजत्या मुळांनी होतं नव्हतं ते सगळं मी तिच्यात ओतलं. एका दुपारी ती उघडली. तळहाताएवढी पाच टोकांची चांदणी, गडद तांबडी, तिच्यावर बारीक पिवळे पट्टे आणि कडेला लव. आयुष्यात मला कशाचा गर्व वाटला असेल तर त्या दुपारचा.

आता वास. हो, माझ्या फुलाला वास येतो. सडक्या मांसाचा येतो. त्यात लपवायचं काय? माझ्याकडे फुलपाखरं येत नाहीत, माश्या येतात, आणि माश्यांना मोगरा आवडत नाही!

दुकानात गोंधळ उडाला. "उंदीर मेलाय," सूनबाई म्हणाली. मशिनं सरकवली, चिंध्यांची पोती उपसली, टेबलाखाली टॉर्च मारला. एक गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून माप न देताच गेलं. तासाभराने अण्णांचं लक्ष माश्यांकडे गेलं, आणि माश्यांवरून माझ्याकडे.

"अरे बापरे! रोपाला फोड आलाय. सडलाय बघ. आता हा रोग वर फुलापर्यंत चढणार!"

आणि त्यांनी टेबलावरची कात्री उचलली. मी ओरडत होतो हो, अगदी मुळापासून ओरडत होतो. कच्. माझं फूल कचऱ्याच्या डब्यात पडलं.

आणि सूनबाई किंचाळली. मला वाटलं, चला, एकाला तरी माझी कीव आली. कसली कीव! "अण्णा! कापडाची कात्री! किती वेळा सांगितलं, त्या कात्रीने कागदसुद्धा कापायचा नाही!" माझ्या फुलाचा जीव गेला आणि रडगाणं चाललं होतं कात्रीच्या धारेचं!

ओशाळलेले अण्णा माझ्या डोक्यावर पाणी शिंपडत म्हणाले, "बिचाऱ्याला धक्का बसला असेल." बिचारं म्हणजे ते पिवळं! सूनबाईने मला बाहेर ठेवायला उचललं आणि उजेडात ती एकदम थांबली. फुलाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखा एक बारीक, पांढुरका तंतू लोंबत होता.

"अण्णा, हा तंतू मी ओळखते. कपड्यांवर मणी चिकटवताना माझ्या ग्लू गनचा असाच ओघळतो." तिने फूल चिमटीत धरलं आणि हलवलं. टक्कन आवाज झाला. फूल गोंदाच्या गोळ्यासकट तिच्या हातात आलं आणि माझ्या शेंड्यावर तपकिरी खड्डा उरला.

अण्णांनी कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि माझं कापलेलं फूल तळहातावर घेतलं. नाक दाबलं नाही. "एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या गं मी," ते म्हणाले. "आणि खरं होतं ते स्वतःच्या हाताने कापलं."

त्यांनी वनस्पतिशास्त्राच्या बाईंना फोन लावला. बाईंनी आधी मनसोक्त हसून घेतलं, मग माझी जात सांगितली, मुळांची चौकशी केली आणि पाणी बंद करायला लावलं. संध्याकाळी अण्णांनी ग्रुपवर सगळी चूक कबूल केली. चिठ्ठीवरचं "सुवर्णमुकुट" त्यांनी लाल शाईने गोल करून खोडलं.

म्हणून मी माफ केलं असं समजू नका. माझा शेंडा परत येणार नाही आणि ते पहिलं फूलही नाही. पण खाली, दुसऱ्या कांडीच्या बुडाशी, चण्याएवढी एक कळी शिल्लक होती. आज सकाळी ती उघडली.

"वासाचं काय? गिऱ्हाइकं पळतील," सूनबाई म्हणाली.

"मी घेऊन बसतो बाहेर," अण्णा म्हणाले.

सकाळपासून ते दुकानाच्या पायरीवर बसलेत. मी त्यांच्या मांडीवर आहे आणि आमच्या दोघांभोवती माश्या. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर कृपा करून त्याच्या डोक्यावरचं फूल एकदा हलवून बघा आणि जरा बुडाशीही नजर टाका. बाकी माझं काही मागणं नाही.

आत्ताच एक बाई पदर नाकाला लावून थबकली. "शी! काय मेलंय हो इथे?"

अण्णांनी कुंडी जरा वर उचलली, तिला नीट दिसावं म्हणून.

"मेलं काही नाही, बाई. फुललंय."