गोजराक्कांच्या नावानं चालणारा डबा

मी डबा बोलतोय. लोक माझी ओळख संगणक म्हणून करून देतात, पण खोटं कशाला सांगू? माझ्या पोटात काहीच नाही. ना साठवण, ना स्मरण. माझा सगळा जीव आतल्या थंड खोलीतल्या सर्व्हरमध्ये. विचार तो करतो, मी नुसता पडद्यावर दाखवतो. ऑफिसात अशी माणसंही पुष्कळ होती, त्यामुळे मला कधी परकं वाटलं नाही.

माझी जुळणी तैवानात झाली, मद्रासच्या बंदरात मी उतरलो आणि अठ्ठ्याण्णव साली बोम्मसंद्रा भागातल्या एका पंपांच्या कारखान्यात आलो. मालक जयसिंगराव. घराणं बंगळुरात तीन शतकं मुरलेलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, बँकेत इंग्रजी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकच मोठं यंत्र घ्यायचं आणि टेबलाटेबलावर स्वस्त डबे मांडायचे, हे विक्रेत्यानं समजावल्यावर अण्णांनी आम्हा भावंडांना घाऊक उचललं. दसऱ्याच्या आयुधपूजेला आमच्या कपाळी कुंकू लागलं, दाराशी कोहळा फुटला, आणि एका भावाच्या जाळीत चुरमुरे गेले ते शेवटपर्यंत निघाले नाहीत.

मग इंटरनेट आलं. टेलिफोनची एक तार, तीच सगळ्यांत वाटलेली. अण्णांनी सभा घेतली. इंटरनेट कामासाठी आहे, पोलादाचे भाव बघा, परदेशातली गिऱ्हाइकं शोधा, असं बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणं म्हणजे होकार, असं मी तेव्हा समजत होतो.

त्याच आठवड्यापासून खरेदीतले त्रिविक्रम क्रिकेटचा धावफलक उघडून बसू लागले. हिशेबाच्या टेबलांवर अमेरिकेच्या व्हिसाची पानं दिसू लागली. टेलिफोनवर बसणारी हर्षिता लग्नाची स्थळं बघे आणि स्थळ नापसंत झालं की पडद्याला जीभ दाखवी. पावलं वाजली की सगळ्या पडद्यांवर एकदम पंपांचे नकाशे. एवढी शिस्त त्या कारखान्यात मी दुसऱ्या कशात पाहिली नाही.

मी होतो गोजराक्कांच्या टेबलावर. त्या टपालाची आवक-जावक बघत. त्यांचे यजमान इथंच पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तारा गुंडाळायचं काम, करायचे. ते गेले, तेव्हा अण्णांनी ही नोकरी दिली. त्यांच्या घराला तिचाच काय तो आधार. अक्का सगळ्यांच्या आधी ऑफिसात येत. एका कपाचा चहा करायला अजून हात बसला नाही, असं त्या एकदा झाडूवालीला म्हणाल्या होत्या.

आता लवकर येऊन करायचं काय? आमच्यापैकी कुणाहीपुढे बसायचं तर आधी आपलं नाव आणि पासवर्ड द्यावा लागे. पद्मनाभ हा आमचा सिस्टिमवाला. तो वरचेवर पासवर्ड बदलायला लावी, लोक वरचेवर विसरत, आणि मग सकाळभर त्याच्या नावाचा पुकारा चाले. अक्कांनी यावर आपला तोडगा काढला. लवकर उठलेली बाई शेजारणीच्या दारातही सडा टाकते, तशा त्या रोज सगळ्यांचे पडदे स्वतःच्या नावानं उघडून ठेवू लागल्या. फायली सगळ्यांच्या एकाच सामाईक जागी, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. लोक येत, बसत आणि बघू लागत. पडद्याच्या कोपऱ्यात कुणाचं नाव आहे, हे वाचण्याइतका रिकामा वेळ कुणालाच नव्हता. क्रिकेट बघण्याइतका मात्र होता.

एक दिवस मस्कतच्या गिऱ्हाइकाचं पान काही केल्या उघडेना. तार इतकी मंद, की अण्णांचा चहा गार झाला तरी पडद्यावर वरची पट्टीच. अण्णा भडकले. पद्मनाभ छाती फुगवून म्हणाला, कोण काय बघतंय ते मी सर्व्हरवर बसल्या जागी दाखवतो. अण्णा त्या थंड खोलीत जाऊन बसले. क्रिकेट: गोजराबाई. व्हिसा: गोजराबाई. सिनेमाची गाणी: गोजराबाई. वर पाहिजे: गोजराबाई.

ही बातमी अण्णांच्या आधी हॉलमध्ये पोहोचली. विधवा बाई आणि स्थळं बघते, यावर कुजबुज सुरू झाली. स्थळं खरोखर बघणारी हर्षिताही खाली मान घालून ऐकत राहिली. करून सवरून नामानिराळं राहणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो.

अण्णा बाहेर आले ते थेट आमच्या टेबलापाशी. त्यांच्यामागे पद्मनाभ.

"गोजराबाई, उद्यापासून येऊ नका."

अक्का उठून उभ्या राहिल्या. काय चुकलं, एवढंच त्यांनी विचारलं. अण्णांनी एकेक पान सांगितलं. शेवटचं सांगताना त्यांनी नजर छताकडे वळवली.

"क्रिकेट मला कळत नाही, अण्णा," अक्का म्हणाल्या.

"मग तुमच्या नावानं बघतं कोण?"

अक्कांनी हॉलभर पाहिलं. त्रिविक्रमांना खणात काहीतरी तातडीनं शोधायचं होतं. सगळी डोकी खाली. अक्कांनी कुणाचं नाव घेतलं नाही.

"सकाळी सगळ्यांचे पडदे मी माझ्या नावानं उघडून ठेवते. कामाचा खोळंबा नको म्हणून."

"सगळ्यांचे म्हणजे कुणाकुणाचे?"

"सगळ्यांचे. तुमच्या केबिनमधला आधी, अण्णा. मग बाकीचे."

केबिनमधला माझा भाऊ रोज दुपारी काय दाखवायचा, हे आम्हा डब्यांना ठाऊक होतं. पद्मनाभाला तेवढ्यात उलगडा झाला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तरीच! त्या घोड्यांच्या शर्यती..." पुढचं वाक्य त्यानं खोकून गिळलं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सरी, सरी, ठीक आहे. कामाला लागा," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं.

नोकरी राहिली. माफी कुणीच मागितली नाही. संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली, की काही कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे यापुढे प्रत्येकानं स्वतःच्याच नावानं काम करावं. ते काही कर्मचारी कोण, हे विचारण्याचा निष्काळजीपणा कुणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का नेहमीच्याच वेळी आल्या. त्यांनी मला एकट्याला उघडलं आणि टपाल पुढे ओढलं. लोक येऊन काळ्या पडद्यांसमोर उभे राहिले.

"अक्का, आमचा राहिला की हो," त्रिविक्रम म्हणाले.

"स्वल्प थांबा. पद्मनाभ येईल."

दुपारपर्यंत ज्याला त्याला आपापलं नाव मिळालं आणि इंटरनेटची तार ओस पडली. मस्कतचं पान प्रथमच झटक्यात उघडलं. जेवणाच्या सुट्टीत हर्षिता आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिला बरंच बोलायचं असावं. शेवटी तिनं चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा पुढे केला. अक्कांनी दोन घास घेतले, चव चांगली आहे म्हणाल्या. मग ती हळूच म्हणाली, "अक्का, मी माझा पासवर्ड पुन्हा विसरलेय."

"आठवेल," अक्का म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

आता नव्व्याण्णव सरत आलंय. कुणा सल्लागारानं अण्णांना घाबरवलं, की दोन हजार साल उजाडताच आम्ही डबे बंद पडू. माझ्या पोटात तारीखच नाही, मला शतकाची कसली भीती? पण डब्याला कोण विचारतो. टेबलांवर नवे, पोट असलेले संगणक आले आणि आम्ही गोदामात पंपांच्या खोक्यांमागे एकावर एक रचले गेलो. अक्कांनी मला नेण्याआधी ओल्या फडक्यानं पुसलं, एवढं मात्र सांगायला हवं.

माझी तक्रार नाही. वाचकहो, तुम्हाला एकच विनंती. उद्या कुणी तुमच्यासाठी पडदा उघडून ठेवला, तर बसण्याआधी कोपऱ्यातलं नाव वाचा. ते तुमचं नसेल, तर निदान त्या माणसाला शोभतील अशी पानं बघा.