कासरा बंद

माझ्या बापानं माझ्या नवऱ्याला एकाच मोसमात दोनदा शिक्षा केली. दोन्ही वेळा तो पंच होता, आणि दोन्ही वेळा लोकांनी त्याची तारीफ केली.

नवऱ्याचं नाव बकाराम. त्या काळी आम्ही बाया नवऱ्याचं नाव घेत नव्हतो. आता या वयात मला कोण अडवणार? केशोरीच्या गुलाबचंद पटलाकडे ते सालदार होते. पावसाळाभर चिखल, रोवणी, मग कापणी. पण धान घरात आलं, भाताच्या बांध्या मोकळ्या झाल्या की बैलांच्या शर्यतींचे, शंकरपटाचे दिवस येत, आणि मग बकाराम कोणाचा सालदार आहे हे लोक विसरून जात. पटाच्या हलक्या छकड्यावर बसून बैलांचा कासरा धरणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. पुसापासून शिमग्यापर्यंत आज या गावी, चार दिवसांनी त्या गावी पट भरे. शेजारशेजारच्या दोन वाटांनी दोन जोड्या सुटत. पटलाच्या चांद्या आणि पाखऱ्या या जोडीचे धुरकरी माझे नवरे होते. पाखऱ्या त्यांच्या हातून चारा खाई, दुसऱ्या कोणाला शिंग दाखवी.

माझा बाप श्यामलाल अर्जुनीचा. तरुणपणी तोही धुरकरी होता. म्हातारपणी पंच झाला, आणि त्याच्यासारखा पंच दहा गावांत नव्हता. झेंडी पडण्याआधी जोडी सोडली, तर बाद. दुसऱ्याच्या वाटेत घुसवली, तर बाद. एकदा सख्ख्या भाच्याला तोंडाला दारूचा वास आला म्हणून त्यानं छकड्यावरून खाली ओढलं होतं. भाचा रडत होता, आत्या शिव्या देत होती, आणि बाबा पुढच्या जोडीला हात करत होता.

मी सांगते ते पंचावन्न सालचं. आदल्या मोसमात कोणीतरी तुतारीनं, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेल्या काठीनं, एका बैलाला इतकं टोचलं की जखम सडून बैल मेला. म्हणून त्या साली सगळ्या गावांच्या पंचांनी बसून कायदा केला. धुरकऱ्यानं खिळा वापरला तर त्याचा सालभर कासरा बंद, कुठल्याच पटात त्यानं छकड्यावर बसायचं नाही. आणि मालकाच्या माणसानं बैलाला टोचलं तर ती जोडीच सालभर बंद.

हे ऐकून माझे नवरे खूश झाले होते. मला म्हणाले, "मामाजीनं बरं केलन. आता ज्याच्या बैलात दम, तोच जिंकंल." सासऱ्याला ते मामाजी म्हणत.

केशोरीचा पट पुसाच्या शेवटी भरला. मी सासूबरोबर, अनुसयाबाईबरोबर, बायांच्या गर्दीत उभी होते. शेवटच्या धावेत आमची जोडी आणि अर्जुनीची जोडी. मनिराम नावाचा पटलाचा गडी बैलांना मागून रेटून सोडायला उभा होता. झेंडी पडली आणि पाखऱ्या असा उसळला की छकडा क्षणभर एका चाकावर गेला. मग नुसती धूळ. आमची जोडी दोन बैल पुढे निघून गेली. मी सासूला मिठी मारली.

बाबा त्याच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या बैलांकडे गेला. खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला आणि चांद्याच्या पुठ्ठ्यावरून फिरवला. मग पाखऱ्याच्या, पुठ्ठ्यावरून खाली मांड्यांपर्यंत. दुपट्टा वर धरला तेव्हा त्यावर रक्त होतं. बायांच्या गर्दीतूनही ते मला दिसलं.

"काठी दाखव," बाबा म्हणाला.

नवऱ्यांनी काठी पुढे केली. टोक साफ होतं.

"खिळा वाटेत फेकता येते," बाबा म्हणाला.

"मामाजी, मी टोचलो नाई."

"पंचाले मामाजी मनू नोको. मंग कोन टोचला?"

नवऱ्यांनी मागे वळून पाहिलं. मनिराम चांद्याच्या वेसणीला धरून उभा होता, गुलाबचंद पटील त्याच्या शेजारी. पटील खाली जमिनीकडे पाहत होते. नवरे पुन्हा बाबाकडे वळले.

बाबानं ती काठी गुडघ्यावर मोडली. "बकारामचा सालभर कासरा बंद," तो ओरडला. "अन् ही धाव रद्द." डफडीवाल्यानं तेच पुन्हा ओरडून सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं, "पाहा, जवायालेई सोडला नाई! याले मनतेत पंच!"

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही खरंच नाई टोचलं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याची लाज वाटली.

"मंग मनिरामचं नाव काऊन नाई घेतलं?"

"मी समोर पाहून राहिलो होतो, रुख्मा. पाखऱ्या उसळला एवढं मले समजलं. मागं कोन काय केला ते मी डोऱ्यानं पाहिलो नाई. न पाहता कोनाचं नाव कसा घेऊ?"

मी दुसऱ्याच दिवशी माहेरी गेले. बाबा अंगणात दोर वळत बसला होता. मी म्हटलं, "बाबा, त्यायनं टोचलं नाई."

"रक्त होतं," बाबा म्हणाला.

"रक्त होतं, पन टोचताना तू पाहिला का?"

"पोरी, तुझा नवरा नसता तर तू आली असती का इथं?"

तो दोर वळतच राहिला. आईनं जेवायला थांब म्हटलं, मी थांबले नाही.

पंधरा दिवसांनी अर्जुनीला पट होता. पटलानं दुसरा धुरकरी आणला, रामलाल नावाचा. माझे नवरे म्हणाले, "मी नुसता पाहून येतो. पाहाले तं बंदी नाई." मी जाऊ नका म्हटलं. ते गेले, दोराबाहेर लोकांत उभे राहिले. जोड्या सुटल्या. अर्ध्या वाटेवर पाखऱ्याला ते दिसले की त्यांचा वास आला, देव जाणे. पण तो सगळा जोर लावून त्यांच्याकडे वळला. जोडी दुसऱ्याच्या वाटेत घुसली, छकडा उलटला, रामलालचा खांदा निखळला. पाखऱ्या दोराजवळ येऊन माझ्या नवऱ्यांच्या छातीवर डोकं घासत उभा राहिला.

लोक ओरडले, "यानंच हाक मारली! यानंच बोलावला!"

पंच बाबाच होता. त्यानं दुसरी शिक्षा सांगितली. या मोसमात बकारामनं पटाच्या शिवारात पाय ठेवायचा नाही. दोन माणसांनी त्यांना दंडाला धरून वेशीपर्यंत नेऊन सोडलं. त्यांच्या मागे पोरंसोरं "खिळ्या, खिळ्या" ओरडत आली.

हे मला त्यांनीच सांगितलं, भाकरीचा तुकडा हातात धरून. तो तुकडा काही तोंडात गेला नाही.

"मी तोंडातून हू का चू केलो नाई," ते म्हणाले. "तो बैल आपसूक आला. त्याले काय समजते कायदा?"

त्यानंतर ते पटलाच्या गोठ्याकडे फिरकले नाहीत. पाणी भरायला गेलं की बाया गप्प होत. चिचगडच्या जंगलात लाकूडतोड चालू होती, तिथं लाकडाच्या गाड्या हाकायला माणसं पाहिजे होती. माघाच्या शेवटी ते निघाले.

"शिमग्याले येतो," म्हणाले. "तवरिक लोक विसरतीन."

"मी येऊ संग?"

"बुढीजवळ कोन राहील?" सासूकडे पाहून ते म्हणाले. मग थोडं चालून परत आले. मला वाटलं काही विसरलं. म्हणाले, "तुझ्या बापाशी भांडू नोको. तो लबाड मानूस नाई." आणि गेले.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. दुपारचं ऊन होतं. बाबा येताना दिसला. पायांत जोडे नव्हते, धोतर गुडघ्यापर्यंत लाल मातीनं भरलेलं. खाकेत एक गाठोडं होतं. लग्नानंतर तो माझ्या घरी सणाशिवाय कधी आला नव्हता. मी उठले नाही.

तो अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "रुख्मा, जवायानं टोचलं नोहोतं."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मग तो भराभर बोलू लागला, जणू थांबला तर पुढचं बोलता येणार नाही. चार दिवसांपूर्वी चिचगडचा पट होता. रामलालचा खांदा बांधलेला, म्हणून त्यानं काठी न घेता एका हातानं जोडी हाकली. तरी पाखऱ्याच्या अंगावर पुन्हा रक्त. तीच जागा, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, खाली. छकड्यावर बसलेल्या माणसाचा हात तिथं पोचतच नाही. हे केशोरीला आपण पाहायला पाहिजे होतं, असं बाबा दोनदा म्हणाला. त्यानं मनिरामची मूठ धरून उघडली. तिच्यात बाभळीचा लांब काटा होता. मनिराम तिथंच रडला. "पटलानं सांगतलन, मालक. केशोरीलेई मीच टोचलो होतो. जोडी बंद होईल मून पटील चूप राहिले."

"मी भर पटात सांगतलो," बाबा म्हणाला. "डफडी वाजवून सांगतलो. बकाराम निर्दोष हाये, त्याचा कासरा मोकळा. पटलाची जोडी बंद केलो. अन् चूक माझी, मी पुन्हा पंच मून बसनार नाई, हेई सांगतलो."

मला काय झालं ते मी आजही सांगू शकत नाही. मी हसले. खरंच हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी बाबाच्या जवळ गेले, त्याचा हात धरला. म्हटलं, "बाबा, बरं केला तू. मंग ते कोठी आहेत? तुझ्या मांगून येऊन राहिले का?"

मी त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत होते.

बाबा खाली बसला. मोहफुलांवरच बसला. त्यानं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. त्यात त्यांची चादर होती, तंबाखूची डबी होती, आणि माझ्यासाठी घेतलेला हिरव्या बांगड्यांचा जोड होता.

पटावरून तो थेट तीन कोस चालत लाकूडतोडीवर गेला होता, स्वतःच्या तोंडानं त्यांना सांगायला. तो पोचला त्याच्या आदल्या दिवशी उतारावर लाकडानं भरलेली त्यांची गाडी पुढे ढकलली गेली होती. दुसऱ्या गाडीवाल्यांनी सांगितलं, त्यांनी उडी मारली असती तर वाचले असते. पण खाली वळणावर दुसरी गाडी चालली होती, म्हणून ते कासरा ओढून धरत राहिले. गाडी कडेला घातली. ती उलटली. तिथल्या लोकांनी बाबाची वाट पाहिली नव्हती, कोण येणार आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळच्या आत त्यांना माती दिली होती. बाबा त्या मातीपाशी दोन दिवस बसून राहिला होता.

आतून सासू विचारत होती, "कोन आलं, रुख्मा? बकाराम आला का?"

मी बाबाला म्हटलं, "हे तू आधी काऊन नाई सांगतला?"

"तो बेकसूर होता हे तुले आधी समजाव, असं वाटलं मले."

"बेकसूर तं मले पहिल्यापासून मालूम होता, बाबा."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. भांडले नाही, त्यांनी जाताना सांगितलं होतं. पण बोललेही नाही. गुलाबचंद पटलानं चांद्या-पाखऱ्या विकले, कोणाला ते कळलं नाही. सासूनं पुढच्या पावसाळ्यात डोळे मिटले. मी केशोरीतच राहिले, लोकांच्या बांध्यांत रोवणी केली. बाबा दर दिवाळीला केशोरीला येई, ओसरीच्या पायरीवर बसे, नव्या धानाचे चार पायली तांदूळ ठेवी आणि जाई. मी पाणी देत असे. तो प्यायचा, तांब्या पालथा घालायचा. पटाला तो पुन्हा कधी गेला नाही. डफडीचा आवाज आला की घरात जाऊन बसे, असं आई सांगायची.

साठ साली आईचा निरोप आला, बाबा अंथरुणाला लागला आहे. मी गेले. तो फार वाळला होता. मला पाहून उठायला लागला, आईनं त्याला धरून निजवलं. मी पेज केली, मीठ घातलं, त्याच्या उशाशी बसून चमच्यानं पाजली. दोन चमचे त्यानं घेतले.

"रुख्मा," तो म्हणाला, "काही बोल. शिवी दे."

माझ्या मनात तेव्हा राग नव्हता, हे मी देवाशपथ सांगते. राग कधीच सरला होता. त्यांनी जाताना म्हटलेलं, 'तो लबाड मानूस नाई,' तेवढंच त्याला सांगायचं होतं. पण पाच वर्षं बंद असलेलं तोंड ते. मी चमचा भरला आणि त्याच्या ओठांपाशी नेला. त्यानं तोंड उघडलं, पेज घेतली आणि माझ्याकडे पाहत राहिला.

उद्या सांगीन, असं मी ठरवलं. पहाटे आईच्या रडण्यानं मला जाग आली.