राहण्याची कारणं

मेणबत्ती दुसऱ्यांदा विझली तेव्हा मठप्रमुख सिस्टर कोर्नेलिया उठल्या आणि त्यांनी समुद्राकडची खिडकी लावून घेतली.

"पुन्हा सांगते. पहिल्या फेरीत प्रत्येकीनं फक्त मठ बंद करण्याची कारणं सांगायची. दुसरीत फक्त इथं राहण्याची. मनात काहीही असो. मध्ये कुणी बोलायचं नाही, वाद तर मुळीच नाही."

चौघींच्या सभेला एवढा नियम कशाला, असं कुणालाही वाटेल. पण चौघींची चार दिशांना तोंडं असली की नियमच कामाला येतो. धाकट्या मेल्डाला मात्र राहवेना.

"देवाला निकाल आधीच ठाऊक असेल, तर आपण कशाला डोकं शिणवायचं?"

"त्यानं ठरवून टाकलं असतं तर आपल्याला विचारलं कशाला असतं?" ओमा म्हणाली. "तो ढकलत नाही गं पोरी, हाक मारतो. आपण काय करतो ते बघायला तोही टपून बसला असेल. आता गप बस."

ओमा म्हणजे आजी. विल्हेल्मिना हे तिचं खरं नाव फ्लोरेसजवळच्या या बेटावर कुणी घेत नसे. तिला इथंच मरायचं होतं, आणि ते तिनं कधी लपवलं नव्हतं. म्हणून पहिल्या फेरीत बाकीच्या चाचरतच बोलल्या. सरकारी दवाखाना झालाय. शाळाही झाली. मग ओमाची पाळी आली.

"बेटाला आता आपली गरज उरली नाही," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या सिस्टर रोस्वितानं डोळे पुसले.

दुसऱ्या फेरीत मात्र सगळ्यांच्या जिभा मोकळ्या झाल्या.

"ओमाला या वयात कुठं हलवायचं?" रोस्विता म्हणाली.

"अर्ध्या गावाचा जन्म ओमाच्या हातावर झालाय," मेल्डा म्हणाली. "समुद्रापलीकडच्या मोठ्या मठात ती महिन्याभरात खंगेल."

कोर्नेलियाही तेच म्हणाल्या. "ओमाचं घर मोडण्याचं पाप मला नको."

ओमा कान देऊन ऐकत होती. एकीचं बोलणं संपलं की ती जरा पुढं झुकायची, अजून काही येतंय का म्हणून. पोरींचा एवढा जीव बघून तिला आनंद व्हायला हवा होता. पण तो काही होईना.

तिची पाळी आली. ती अजूनही पुढं झुकूनच होती.

"ओमा, तुझं कारण?" कोर्नेलियांनी विचारलं.

"माझ्याकडेही तेवढंच एक होतं," ती म्हणाली. "वाटलं, तुमच्यापैकी कुणाकडे तरी दुसरं असेल."

मग ओमा मेल्डाकडे वळली.

"मंगळवारच्या होडीत आपल्या कोंबड्या घेऊ देतात का गं?"